चॉप वाजला पाहिजे: ब्लूग्राससाठी पहिलं मँडोलिन घडवताना

ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या वादकचमूत ड्रम नसतो. बास ठोक्यावर ‘बुम्’ करतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ‘चक्’ टाकतो तो मँडोलिनवाला. डाव्या हाताची बोटं चारही जोडतारांवर दाबायची, उजव्या मनगटाचा छोटा झटका द्यायचा आणि आवाज फुटल्या फुटल्या बोटं सैल सोडायची. सूर निघतो आणि जागच्या जागी विझतो. याला चॉप म्हणतात. बॅन्जो आणि फिडल दोन्ही जोरात चालू असताना हा चॉप मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला नाही, तर वाद्य कितीही देखणं असो, वादक ते दुसऱ्या दिवशी परत आणून देतो.

मी मूळचा मिरजेचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात राहतो. शाळेत जाता-येता सतारमेकर गल्लीत थांबून कारागीर तबली बोटाने ठोकून कानाशी कशी धरतात ते बघायचो. त्यामुळे पुढे तबली (वाद्याची तारांखालची वरची फळी), घोडी (तबलीवर तारा पेलणारा तुकडा), पडदे, खुंट्या हे शब्द मिरजेचे आहेत आणि टोन बार, रिकर्व्ह, हेडब्लॉक वगैरे इथल्या कारखान्यांतले. सुतारकामाची थोडी सवय असलेल्या माणसाने पहिलं मँडोलिन कसं करावं, एवढ्यापुरतंच हे लिहिलं आहे. मला पहिल्याला आठ महिन्यांचे शनिवार-रविवार लागले.

आधी आकार ठरवा, आणि गोगलगायीच्या मोहात पडू नका

कोरीव तबलीचं मँडोलिन ही मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सनची कल्पना. त्याचं पेटंट १८९८ चं. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये निघाली, आणि १९१९ ते १९२४ या काळात तिथे काम केलेल्या लॉइड लोअरच्या हाताखाली १९२२ मध्ये एफ-५ हे मॉडेल आलं. व्हायोलिनसारखी दोन एफ-भोकं, लांब मान, तबलीखाली दोन टोन बार, म्हणजे आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. विकलं मात्र फारसं गेलं नाही, कारण मँडोलिनच्या वाद्यवृंदांचा काळ तोवर ओसरत आला होता. पुढे केंटकीचा गायक-वादक बिल मनरो याच्या हाती ९ जुलै १९२३ ची तारीख असलेलं एक एफ-५ आलं, तेही फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून, आणि त्याच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडच्या नावावरून ज्या संगीताला नाव मिळालं त्याचा आवाजच या वाद्याने ठरवून टाकला.

एफ-५ च्या खांद्यावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं असतं, खाली दोन टोकं असतात. फार सुंदर दिसतं, आणि नवशिक्याचा जीव घेतं. वेटोळ्यातली बायंडिंगची, म्हणजे कडेची पट्टी वळवायलाच मला दोन आठवडे लागले होते. आवाजात त्या वेटोळ्याचा वाटा माझ्या मते जवळजवळ शून्य. म्हणून पहिलं वाद्य ए-५ करा: थेंबाच्या आकाराचं, पण एफ-भोकं, लांब मान आणि टोन बार तेच. लोअरच्या सहीचं ए-५ आजवर एकच माहीत आहे आणि इथले अनेक कारागीर त्याच्याच वाटेने जातात, त्यामुळे ए-५ म्हणजे गरिबाचं वाद्य असं समजायचं कारण नाही.

पूर्ण मापाचा नकाशा विकत मिळतो, तो घ्या. चोवीस तास तो भिंतीवर लावून नुसता बघा. तीन आकडे डोक्यात बसले पाहिजेत. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत तारेची वाजणारी लांबी ३५२.४ मिमी. मान धडाला मिळते पंधराव्या पडद्यावर. तिथून घोडीपर्यंत अंतर १४८ मिमी. घोडी एफ-भोकांच्या मधल्या खाचांच्या रेषेत यावी लागते, म्हणजे हा १४८ चा आकडा चुकला तर मान, भोकं आणि टोन बार सगळंच चुकतं.

लाकूड

तबलीला स्प्रूस, पाठीला, बाजूंना आणि मानेला मॅपल, पडद्यांच्या पट्टीला आबनूस. ब्लूग्रासवाले तबलीसाठी रेड स्प्रूस मागतात. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या माथ्यावर वाढणारं हे झाड. इथल्या माउंट मिचेलवर चढलात की शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना तेच दिसतं. वजनाच्या मानाने ते ताठ असतं, आणि जोरात मारलं तरी आवाज फाटत नाही. सिट्का किंवा एंगलमन स्प्रूसनेही उत्तम वाद्यं होतात. एंगलमन थोडं मऊ बोलतं. पहिल्यासाठी महागडं लाकूड घेऊ नका. फक्त दोन गोष्टी बघा: रेषा तबलीच्या पृष्ठभागाला उभ्या असाव्यात, आणि लाकूड करवतीने नुसतं कापलेलं नसून तंतूंच्या दिशेने फाडून मग कापलेलं असावं. तंतू तिरके निघाले की तबली कोरताना एका बाजूला सारखी चिरफाळते.

आणलेलं लाकूड महिनाभर कामाच्या खोलीत ठेवा. खोलीतली आर्द्रता ४० ते ४५ टक्के हवी. पुण्या-मुंबईत हे काम करणार असाल तर जून ते सप्टेंबर चिकटवण्याची कामं बंद ठेवा, नाहीतर खोलीला डीह्युमिडिफायर लावा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड चिकटवून केलेलं वाद्य हिवाळ्यात इकडे आलं की हीटरच्या कोरड्या हवेत आक्रसतं आणि तबली उभी तडकते. असं तडकलेलं एक वाद्य मी दुरुस्त केलं आहे, बनवणाऱ्याचा हात वाईट नव्हता.

बाजू आणि साचा

प्लायवुडचा साचा करा, आतल्या बाजूने धडाचा आकार. मॅपलच्या पट्ट्या २ मिमीपर्यंत रंधून घ्या. लाटा असलेलं मॅपल उलटसुलट तंतूंमुळे रंध्याखाली फुटतं, तेव्हा शेवटचा अर्धा मिलिमीटर स्क्रेपरने काढा. मग गरम नळीवर वाकवणं. नळीवर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, नुसता वाफ होऊन बसता कामा नये. पट्टी थोडी ओली करून, मागे पत्र्याची पट्टी धरून, हळूहळू दाबायची. लाकूड स्वतःहून सैल पडतं तो क्षण हाताला कळतो. त्याआधी जोर लावलात तर लाटेच्या रेषेवर ती मोडतेच. दोन पट्ट्या जास्तीच्या कापून ठेवा.

वर मानेजवळ हेडब्लॉक, खाली टेलब्लॉक हे लाकडी ठोकळे, आणि आतून कडेने खाचा पाडलेली लायनिंगची पट्टी. चिकटवायला मी सरस वापरतो. पाण्यात भिजवून ६० ते ६५ अंशांवर गरम ठेवायचा, त्यापेक्षा तापवला की त्याचा जोर जातो. सरसाने चिकटवलेलं पुढे गरम सुरी आणि पाण्याने उघडता येतं, आणि मँडोलिन आयुष्यात एकदा तरी उघडावं लागतं. १९८५ मध्ये कुणीतरी मनरोच्या घरात शिरून त्याचं ते १९२३ चं मँडोलिन शेगडीच्या लोखंडी सळईने फोडलं. गिब्सनच्या कारागिराने ठिकऱ्या जुळवून ते परत उभं केलं आणि मनरो ते पुढे वाजवत राहिला. घाई असेल तर पिवळा लाकूडगोंद चालतो, पण तबली आणि पाठ बसवताना तरी सरसच वापरा.

तबली: इथे वेळ घालवा

स्प्रूसच्या दोन पाचरी पुस्तक उघडावं तशा जोडतात. जोडायच्या कडा रंध्याने सरळ करून दोन्ही एकावर एक धरा आणि खिडकीकडे बघा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. क्लॅम्पच्या जोराने फट बुजवायची नाही. वर्षभराने ती पुन्हा उघडते.

आधी बाहेरचा बाक, मग आतला. बाहेर मधली उंची कडेपेक्षा सुमारे १५ मिमी जास्त असते. नकाशावरून लांबीचा एक आणि रुंदीचे पाच असे पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लायचे साचे कापा. गोल पटाशीने तंतूंना आडवं कोरा. उभं कोरलंत तर पटाशी तंतूंत घुसून खोल खड्डा पाडते. मग अंगठ्याएवढा पितळी रंधा, आणि शेवटी स्क्रेपर. पॉलिश कागदाला अजून हात लावू नका, कारण कागद खड्डे झाकतो आणि बाक मवाळ करतो. खोलीतला मोठा दिवा बंद करा, एकच दिवा बाजूने, तबलीच्या पातळीवर धरा. सावल्या तुटक दिसल्या तर बाक तुटक आहे.

कडेपासून बोटभर आत बाक खाली उतरून पुन्हा थोडा वर येतो, त्या खोलगट पट्ट्याला रिकर्व्ह म्हणतात. तबली स्पीकरच्या पडद्यासारखी इथून हलते. मधला भाग ताठ, कडेजवळ बिजागरी. चॉपचा सगळा खेळ या दोन जाड्यांच्या फरकात आहे. मधला भाग जाड राहिला तर आवाज कोंडतो, वादक मारतो आणि वाद्य गप्प. रिकर्व्ह फार पातळ झाला तर सूर लांबतो, मऊ होतो, घरात ऐकायला छान, पण बॅन्जोसमोर त्याचा निभाव लागत नाही.

आतून कोरायला ड्रिल प्रेसच्या पाटावर एक गोल टोकाचा खुंट उभा करा आणि ड्रिल त्याच्यापासून ६ मिमीवर थांबेल असं लावा. तबली त्यावर पालथी ठेवून आतल्या बाजूने भोकं पाडत जा. प्रत्येक भोकाच्या तळाशी ६ मिमी लाकूड उरतं आणि तुम्हाला कुठवर कोरायचं ते कळतं. तिथून पुढे कॅलिपर. रेड स्प्रूसला घोडीखाली साधारण ४.६ मिमी आणि रिकर्व्हमध्ये २.८ मिमी ही जुन्या वाद्यांच्या आसपासची मापं. पण पहिल्या वाद्याला मध्ये ५ आणि रिकर्व्हमध्ये ३.२ वर थांबा. का, ते पुढे येईल. माझी पहिली तबली मी रिकर्व्हमध्ये आरपार खरवडली होती, आणि कॅलिपर टेबलावर हाताच्या अंतरावर पडलेला होता.

ठोकून ऐकायचं का? ऐका. लोअरच्या सहीच्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असे की तबली, पाठ, टोन बार आणि आतली हवा तपासून सुरात लावली आहे. पण सुट्या तबलीचा सूर आणि बंद वाद्याचा सूर यांच्यात इतकं काही घडतं की पहिल्या वाद्याला त्या सुराच्या मागे लागू नका. त्यापेक्षा तबली दोन्ही हातांत कडेने धरून अंगठ्यांनी मध्ये दाबा. आठ-दहा वाद्यांनंतर अंगठ्यांना जे कळतं ते आधी कुठेच लिहिलेलं सापडत नाही. म्हणून प्रत्येक तबलीचं वजन, जाड्या आणि हाताला काय वाटलं ते वहीत लिहून ठेवा.

एफ-भोकं बारीक करवतीने कापा, कडा चाकूने साफ करा. भोकाच्या दोन्ही टोकांशी स्प्रूस फार नाजूक असतं, तिथे ओढून कापलं की चीर जाते. मग दोन टोन बार, स्प्रूसचेच, सुमारे ६ मिमी रुंद, घोडीच्या दोन पायांखालून लांबीच्या दिशेने जवळजवळ समांतर. त्यांचा तळ तबलीच्या आतल्या बाकाला हुबेहूब बसला पाहिजे: तबलीवर खडू घासा, बार टेकवा, खडू लागेल तिथे खरवडा, पुन्हा टेकवा. पन्नास वेळा तरी हे करावं लागतं. टोन बारऐवजी फुलीच्या आकाराचे बार घालणारेही आहेत, त्याने आवाज मोकळा आणि भरदार होतो. चॉपचा कोरडा कडकपणा मला समांतर बारांनीच मिळतो.

पाठ तशीच, पण मॅपलची: मध्ये ४.५, रिकर्व्हमध्ये २.६ मिमी. बार नाहीत, भोकं नाहीत. मॅपल कोरताना मनगटं दुखतात आणि पटाशी दर दहा मिनिटांनी लावावी लागते, एवढंच.

मान

मॅपलची, आत स्टीलची ताणसळई. ही सळई गिब्सनमध्येच १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि तिच्याशिवाय बारीक मान सरळ राहत नाही, कारण मध्यम जाडीच्या आठ तारा मिळून जवळजवळ ८० किलोंनी ओढत असतात. परंपरा डोव्हटेलच्या सांध्याची आहे. पहिल्या वाद्याला तो हट्ट नको. सरळ कुसू आणि आतून दोन बोल्ट लावा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगता येत नाही, आणि कोन चुकला तर बोल्ट काढून दुरुस्त करता येतो.

कोन मात्र नीट हवा. मान मागे साधारण ६ अंश झुकते. अंशांच्या कोनमापकापेक्षा ही तपासणी खरी: पडद्यांच्या पट्टीवर लांब सरळ पट्टी ठेवा आणि ती घोडीच्या जागी तबलीपासून १९-२० मिमी वर येते का बघा. घोडी आधीच विकत आणून ठेवा आणि तिच्या उंची कमी-जास्त करायच्या चकत्या अर्ध्या फिरवलेल्या असताना तारा या उंचीवरून ३ मिमी वर बसतील याची खात्री करा. तबली बाजूंवर चिकटवल्यावर, पाठ बंद करायच्या आधी मान बसवून हे तपासा. आत हात जात असेपर्यंत सगळं सोपं असतं. चिठ्ठी चिकटवायची, सही करायची तीही याच वेळी, नंतर एफ-भोकातून पेन जात नाही.

पडद्यांच्या जागा: उरलेली लांबी दरवेळी १७.८१७ ने भागायची. पहिला पडदा नटपासून १९.७८ मिमीवर, बारावा बरोबर मध्ये, १७६.२ वर. प्रत्येक अंतर नटपासून मोजा, आधीच्या पडद्यापासून नाही, नाहीतर चुका साठत जातात. खुणेचे ठिपके पाच, सात, दहा, बारा, पंधरा यांवर. गिटारवाल्यांच्या सवयीने नवव्या पडद्यावर ठिपका टाकलात तर मँडोलिनवाले हसतात. मी टाकला होता. पट्टीला १२ इंच त्रिज्येचा हलका बाक द्या, चारही जोड्या एका बोटाने दाबायला सोपं जातं. नट हाडाचं, सुमारे २८ मिमी रुंद. जोडीतल्या दोन तारा इतक्याच जवळ ठेवा की जोराच्या चॉपलाही त्या एकमेकींना लागणार नाहीत.

कोऱ्या लाकडावर तारा

रंग लावायच्या आधी तारा चढवा. बहुतेक पुस्तकी क्रमात हे शेवटी येतं, मी ते इथे आणतो. सुरुवातीला सगळ्या तारा निम्म्या ताणावर, रात्रभर तशाच ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात: जी, डी, ए, ई, व्हायोलिनसारखं. घोडी तबलीला चिकटवायची नसते, तारांच्या दाबानेच ती उभी राहते, आणि तो दाब वीस-बावीस किलोंचा असतो. तबली थोडी खाली बसेल, ते ठीक. तिचे पाय तबलीच्या बाकाला पूर्ण टेकले पाहिजेत: तबलीवर बारीक पॉलिश कागद खरखरीत बाजू वर करून ठेवून घोडी त्यावर तारांच्या दिशेने घासत राहा. पायाखाली कागदाची कड जरी सरकली तरी ते काम अपुरं आहे.

जोडतारा सुरात लावणं हे तानपुऱ्याचे जोड लावण्यासारखंच. दोन तारांमधली ती लाट हळू होत होत थांबली की झालं. ज्याने तानपुरा लावला आहे त्याला इथे ट्यूनर बघावा लागत नाही.

आता चॉप मारा. आणि आठवडाभर मारत राहा, कारण नवीन वाद्य पहिल्या दिवशी खोटं बोलतं. आवाज कोंडलेला, नाकातला वाटला तर मघाशी ठेवलेली जास्तीची जाडी आता उपयोगी पडते: तारा उतरवा, बाहेरून फक्त रिकर्व्हमधून स्क्रेपरने पाव मिलिमीटर काढा, आधी भोकांच्या खालच्या रुंद भागात. तारा चढवा, ऐका. मी दोन-तीन फेऱ्या करतो. खर्ज भरायला लागतो आणि चॉपमध्ये लाकडाचा ‘ठक्’ ऐकू येतो तिथे थांबायचं. अजून थोडं काढलं तर अजून चांगलं होईल असं वाटतं तेव्हा मी स्क्रेपर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो.

रंग आणि पॉलिश

एफ-५ चा तो प्रसिद्ध काठाशी काळपट, मध्ये मधासारखा रंग फडक्याने थेट लाकडावर चोळून आणतात. स्प्रूसवर डाग लगेच बसतो, म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी हात बसवा. वरून पातळ थर, मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने लावतो. ही लाख बरीचशी झारखंडातून येते. इथल्या दुकानात तिच्या पुड्यावर काहीही नाव असलं तरी वासाने मला मिरज आठवतं. जाड, काचेसारखा थर देऊ नका. रिकर्व्हमधून पाव मिलिमीटरसाठी जिवाचं रान केलं, त्यावर तेवढ्याच जाडीचं प्लॅस्टिक चढवण्यात अर्थ नाही. मानेच्या मागे तर चकाकी नकोच, घामाच्या हाताला ती चिकटते.

वादकाच्या हाती देण्याआधी

बाराव्या पडद्यावर तारेची उंची ई कडे १.४ आणि जी कडे १.७ मिमीच्या आसपास. एकटं वाजवणाऱ्याला कमी उंची आवडते, पण चॉप मारणाऱ्याच्या तारा कमी उंचीवर खडखडतात. नटच्या खाचा तपासायला तार तिसऱ्या पडद्यावर दाबा. पहिल्या पडद्यावर कागदाएवढी फट दिसली पाहिजे, जास्त नाही. बाराव्या पडद्यावरची हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत घोडी पुढे-मागे सरकवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे. जागा मिळाली की घोडीच्या कोपऱ्यांशी पेन्सिलीच्या बारीक खुणा करा, कारण वादक तारा बदलताना ती हमखास हलवतो.

तारा ११-१५-२६-४० अशा लावा, म्हणजे हजारांश इंचात. पोलादी तारांच्या टोकाला वळसा असलेल्याच घ्या, टेलपीसला, म्हणजे खालच्या टोकाशी तारा अडकवायच्या पकडीला, त्याच लागतात.

मग एखाद्या जॅमला, म्हणजे वादकांच्या मोकळ्या बैठकीला, वाद्य घेऊन जा आणि स्वतः वाजवू नका. दुसऱ्याच्या हाती द्या, बॅन्जोच्या पलीकडे पंधरा पावलं जाऊन उभे राहा आणि चॉप तिथवर येतो का ऐका. वादकाला काय वाटलं ते त्याने वाद्य परत देतानाच विचारा, वहीत त्याच्याच शब्दांत लिहा. तीन आठवड्यांनी तबली आणखी थोडी बसलेली असेल, उंची पुन्हा मोजा, सळईला पाव वळसा लागला तर द्या, आणि घोडीच्या चकत्या पुन्हा लावा.